डावा हात दुकानाचा

तारीख चार फेब्रुवारी, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम अठरा हजार. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि मिस्त्री. चौथी गाडी, पण त्या दिवशी तिला गाडी म्हणायला मिस्त्रींशिवाय कोणी तयार नव्हतं.

दोन ठिकाणी आधी विचारून झालं होतं. एकाने पंचवीस हजारांत पुट्टी भरून, रंग मारून, खालून डांबरासारखा काळा थर देऊन "नवी करून देतो" म्हटलं. दुसऱ्याने खाली वाकूनही पाहिलं नाही. भंगारात बावीस हजार येतील, घेऊन मोकळे व्हा, म्हणाला. मिस्त्रींच्या शेडसमोर गाडी उभी केली तेव्हा मी खाली उतरून सगळी हकीकत क्रमाने सांगायला लागलो. त्यांनी माझं अर्धं ऐकलं आणि बायकोकडे वळले.

"बाई, गाडी कोनाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"चालवते कोन?"

"मीच चालवते."

"मंग हे काहून बोलून राह्यले?"

बायको इतकी हसली की माझी हकीकत तिथेच संपली. मग मिस्त्री गाडीत शिरले, चारही दारं बंद करून घेतली आणि आतून बोटाच्या पेराने पत्रा वाजवत बसले. दहा मिनिटं. बाहेर आम्ही दोघं उन्हात. बाहेर आल्यावर त्यांनी सौदा सांगितला, तोही तिलाच. कुजलेला पत्रा आणि सगळे पोचे मिळून अठरा हजार. रंगाचं काम त्यांचं नाही, ते पेंटरकडे, वेगळं. आगाऊ एक रुपया नको.

"पास झाली तं अठरा हजार. नापास झाली तं पत्र्याचे पैसे बी देऊ नोका," ते म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी काय काम करता?"

मी सांगितलं, जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. कापसाच्या गाड्यांचं वजन करून पावती देतो. ड्यूटी अकराला सुरू.

"मंग सकाळी सात ते दहा मोकळे हा. हेल्पर तुमी."

मला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती. मिस्त्रींकडे हेल्पर नव्हता आणि त्यांना नकोही होता. मालकालाच हेल्पर करायचं, ही त्यांची पद्धत होती. ज्याला जमत नसेल त्याची गाडी ते घेत नसत. "आपल्या गाडीच्या पोटात काय हाय हे ज्याले मालूम नाई, तो दोन सालात पुन्हा येते," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला त्या दिवसापासून 'काटेवाले' म्हणायला सुरुवात केली.

पास होणं म्हणजे काय, ते सांगतो. गाडी पंधरा वर्षांची झाली होती आणि महिनाअखेर तिची नोंदणी संपत होती. आरटीओत तपासणी होऊन पास झाली की पुढे पाच वर्षं चालवता येणार होती. नापास झाली की अंगणात उभी. नवी घ्यायची म्हटलं तर मी तीन वेळा हिशेब मांडला, तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

आणि गाडी अंगणात उभी राहिली असती तर माझं काही अडलं नसतं; मी सायकलने जिनिंगला जातो. अडलं असतं बायकोचं. ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. राळेगाव तालुक्यात तिच्याकडे चोवीस अंगणवाड्या आहेत. त्यांतल्या नऊ गावांना एसटी जात नाही, सहा गावांना दिवसातून एकदा जाते आणि संध्याकाळी परत येत नाही. ती एक्केचाळीसाव्या वर्षी गाडी शिकली, याच गाडीवर, आणि तेव्हापासून तिने एकही गाव चुकवलेलं नाही. गाडी गेली तर एकच मार्ग होता: यवतमाळच्या कार्यालयात टेबलाचं काम मागून घ्यायचं. तसा अर्ज लिहूनही ठेवला होता. लिहिला मी, ती सही करत नव्हती.

"मले टेबल नोको," एवढंच म्हणायची. "टेबलावर बसून पोराईचं वजन थोडीच समजते!"

गाडीचा तळ गेलाय हे कळलं तेही तिच्याचमुळे. जानेवारीत एका गावाहून परतताना तिच्या मांडीवरचा पेन खाली पडला. गाडी थांबवून पायाशी शोधला, सापडला नाही. खाली उतरली तर पेन रस्त्यावर. पायदाण उचललं तर त्याच्याखाली डांबरी रस्ता दिसत होता.

आता मिस्त्रींविषयी.

पांढरकवडा रोडला त्यांची टिनाची शेड होती. पाटी नाही. मूळचे ते धान्याच्या कोठ्या बनवणारे. पत्र्याच्या उंच गोल कोठ्या, झाकणाच्या, तूर-गहू भरायच्या. लोक प्लॅस्टिकच्या टाक्या घ्यायला लागले तेव्हा त्यांनी त्याच हातोड्या घेऊन गाड्यांना हात घातला. वय साठीच्या पुढे, अंगाने वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल.

पहिल्या सकाळी मी सात वाजता पोहोचलो आणि नमस्कार करून हात पुढे केला. त्यांनी उजवा दिला. झाडाच्या सालीला हात लावावा तसा तो लागला. डावा त्यांनी पाठीमागे धरला होता.

"हा घरचा," ते उजवा दाखवून म्हणाले. "आन हा दुकानाचा."

दुकानाचा हात म्हणजे डावा. त्या हाताने ते काहीच करत नसत. गरम चहाचा ग्लास नाही, पिशवी नाही, पाण्याची बादली नाही. सायकलवरसुद्धा डावी मूठ नुसती टेकवलेली. रात्री त्या तळव्याला जवसाचं तेल. कारण एकच: उघड्या डोळ्यांना जो पोचा दिसत नाही तो त्या तळव्याला कळायचा. पत्र्यावर रुमाल ठेवायचा, रुमालावर डावा हात, डोळे मिटायचे आणि हात लांबवर सरकवत न्यायचा. घट्टे पडलेल्या हाताला हे कळत नाही, म्हणून हातोडी कधीच डाव्यात धरली नाही. त्यांच्या बायको एकदा चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "चाळीस वर्ष झाले लग्नाले. याईनं त्या हातानं एक कांदा नाई उचलला."

"उचलला असता तं तूच म्हनली असती, याले हाताचं मोल नाई," मिस्त्री म्हणाले.

मी घरून पोच्यांची यादी करून नेली होती. चौदा. प्रत्येकाची जागा लिहिलेली. मिस्त्रींनी यादी वाचली, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली, रुमाल पसरला आणि म्हणाले, "डोळे मिटा." त्या दिवशी माझा पांढरपेशा हात त्यांच्या डाव्या हातामागून अख्ख्या गाडीवरून फिरला. आकडा तेवीस निघाला. नऊ पोचे मी पंधरा वर्षं रोज पाहत होतो आणि मला ते दिसले नव्हते.

प्रत्येक पोचा कशाचा, हेही ते सांगत. हा नारळाचा. हा सायकलच्या हँडलचा. हे गायीचं शिंग, बैलाचं असतं तर खोल गेलं असतं. डाव्या मागच्या चाकावरच्या पोच्याशी ते थांबले. हा मोठा होता. सहा वर्षांपूर्वीचा. तो बायकोने शेतातल्या गेटला लावला, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. ती नाही म्हणाली होती, पण मग कोणी, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

मिस्त्रींनी टोच्याने पोच्याची घडी कोरली. आतून पिवळ्या रंगाचा कपचा निघाला. त्यांनी टेप लावला. जमिनीपासून त्रेपन्न सेंटिमीटर.

"काटेवाले, एवढ्या उंचीचा पिवळा खांब कुठं हाय?"

आमच्या वजनकाट्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब आहेत आणि सहा वर्षांपूर्वी एकदा मी गाडी घेऊन जिनिंगला गेलो होतो. एकदाच.

संध्याकाळी घरी आल्या आल्या सांगून टाकलं. लपवण्याचा माझा स्वभाव नाही. बायकोने पोळी लाटता लाटता लाटणं खाली ठेवलं.

"सहा वर्ष," ती म्हणाली. "सहा वर्ष मी आयकून राह्यली. आता तुमी आयका." आणि खरंच, जेवण होईपर्यंत ऐकलं.

मिस्त्रींना पुट्टीचा राग होता. नखाच्या जाडीइतकी चालेल, त्याहून जाड म्हणजे चोरी. गळ्यात दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असायचं, स्पीकरमधून काढलेलं, रुमालात गुंडाळलेलं. पत्र्याला लावायचं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर पुट्टी. एका लग्नातला प्रसंग सांगतात. मी तिथे नव्हतो, पण तीन वेगवेगळ्या माणसांनी मला तो सारखाच सांगितला म्हणून लिहितो. नवरदेवाचे मामा नवी घेतलेली जुनी गाडी सजवून घेऊन आले होते. कंपनीचा रंग, एक ओरखडा नाही, असं मांडवात प्रत्येकाला सांगत होते. मिस्त्री वरातीतून बाजूला झाले, चुंबक काढलं, दाराला लावलं. पडलं. दुसऱ्या दाराला लावलं. पडलं. बॅन्ड थांबला होता, म्हणून पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मामा," ते म्हणाले, "गाडी आर्धी चुन्याची हाय. पाऊस-पान्यात काढू नोका."

मामा पंगतीला बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन मिस्त्रींच्या शेडसमोर उभे होते, आणि पुढचे पंधरा दिवस हेल्पर.

आमच्या गाडीवरही एका जुन्या दुरुस्तीची पुट्टी निघाली. मी ती जमा करून जिनिंगच्या छोट्या काट्यावर तोलली. दोन किलो तीनशे ग्रॅम. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. "इतके साल बाई हे वझं वाहून राह्यली," ते म्हणाले. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते वजन सांगायचे आणि सांगताना दर वेळी पाव किलो वाढवायचे. मी दुरुस्त करायचो.

पण खरी गोष्ट तिसऱ्या सकाळची.

गाडीच्या दाराखाली दोन्ही बाजूंना पत्र्याची लांब पोकळ पेटी असते. गाडीचा सगळा भार तिच्यावर. मिस्त्री तिला 'कमर' म्हणत. आमच्या गाडीची कमर दोन्हीकडून कुजली होती आणि ती आतून कुजली होती. बाहेरून रंग शाबूत, टोच्या लावला की आत जायचा. मिस्त्री गाडीखाली शिरले. मग म्हणाले, "काटेवाले, चहाचा ग्लास द्या एक. रिकामा."

दिला. त्यांनी खालून काहीतरी उचकटलं आणि ग्लास बाहेर सरकवला. अर्धा भरलेला. तपकिरी पाणी.

"ऑक्टोबरपासून थेंब पडला नाई आपल्याकडे," खालून आवाज आला. "हे कुठलं?"

मला कळलं. गाडी मी दर रविवारी धुतो. दारांच्या फटीतून पाणी आत जातं.

"जाते तं जाते. खालून भोकं असते ना, कंपनीनंच ठेवलेले. गेलं ते निंघून जाते." ते बाहेर आले. हातात राखाडी, दगडासारखा गोळा होता. "भोकात हे कोनं भरलं?"

सहा-सात वर्षांपूर्वी, कापसाच्या हंगामात आमच्या आळीत उंदीर फार झाले होते. शेजाऱ्याच्या गाडीची वायरिंग कुरतडून टाकली होती. मी एका रविवारी गाडीखाली शिरलो आणि सापडलं ते प्रत्येक भोक बुजवलं. पाण्याच्या टाकीची गळती थांबवायला दोन रंगांचा मसाला मळून लावतात ना, त्याने. कमरेची अकरा, पायाखालची चार. नीट दाबून, कडा गुळगुळीत करून. पंधरा भोकं बुजवली, अशी डायरीत नोंद आहे.

"मी," मी म्हणालो.

मिस्त्रींनी रुमाल काढून तोंड पुसलं. मला वाटलं आता रागावतील. ते माझ्याकडे बघत होते, जसं कोणी नवीन जातीचा प्राणी बघावा.

"मी इतक्या सालात लय गाड्या पाह्यल्या," ते म्हणाले. "लोक लक्ष देत नाई म्हनून सडतात. लक्ष देऊन सडवलेली ही पयलीच." मग ग्लास माझ्या हातात दिला. "घ्या. मोजा किती हाय ते."

उरलेली चौदा बुचं मीच काढली. मिस्त्री त्यांना हात लावायला तयार नव्हते. "ज्यानं लावले त्यानं काढाचे." पाठीवर झोपून, छिन्नी-हातोडीने, दोन सकाळी. प्रत्येक बूच निघालं की थोडं पाणी, नाहीतर गंजाचा चुरा तोंडावर. आणि दर वेळी शेडमधून मिस्त्रींचा आवाज: "मुतली काय?"

त्या दोन सकाळी मला एक गोष्ट बोचत होती ती बोचतच राहिली. पेन गेला तो माझ्या नीटनेटकेपणातून गेला होता. बायकोचं टेबल मी तयार केलं होतं. ते तिला सांगितलं. अर्ज दिवाणावर होता तो उचलून तिने कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. "मिस्त्री काय म्हनतात?" एवढंच विचारलं.

मिस्त्री म्हणत होते, होईल.

कुजलेलं सगळं त्यांनी कापून काढलं. खाली इतका मोठा खड्डा झाला की मी गाडीत उभा राहून जमिनीवर चालू शकत होतो. मग नवा पत्रा. पण पत्रा कापण्याआधी त्याचा खाका लागतो, आणि मिस्त्रींचे खाके लग्नपत्रिकांचे असत. जाड, लवचीक, घडी धरणारा कागद. वळणाच्या जागी बोटाने दाबला की वळण तसंच राहतं. आळीतल्या सगळ्या घरांतून लग्न झाल्यावर पत्रिका त्यांच्याकडे यायच्या. खोकं भरलेलं होतं. ते पत्रिका कमरेच्या वळणावर दाबून बसवायचे, पेन्सिलीने रेघ, कात्री, मग ती पत्र्यावर ठेवून खूण. त्यामुळे आमच्या गाडीच्या प्रत्येक तुकड्याला नाव पडलं. "नवरीकडचा घ्या." "हा भोजनाच्या वेळेचा." सगळ्यांत अवघड वळण, जिथे कमर चाकाच्या घुमटीला मिळते, तिथे दोन पत्रिका जोडाव्या लागल्या. त्यातली एक मुलाच्या बारशाची होती.

"यात लग्न कुठे आहे?" मी विचारलं.

"कायले पाह्यजे? जागा बसली म्हनजे झालं."

मी ठोकळा धरायचो. पत्र्याच्या मागून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा आणि समोरून ते हातोडीने हलके ठोके देत. ठोका माझ्या मनगटातून खांद्यापर्यंत जायचा. ठोकळा अर्धा इंच हलला तर पत्र्याला नवाच पोचा. एकदा हलला. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली, उठले, चहा पिऊन आले. त्यानंतर माझा ठोकळा हलला नाही.

आणि तार. त्यांच्या शेडवरून विजेची तार गेली होती. दार बसवून झालं की ते गाडी सकाळच्या उन्हात काढत, दारावर रॉकेलचा बोळा फिरवत आणि ओल्या पत्र्यात त्या तारेचं प्रतिबिंब बघत. तार सरळ दिसली तर दार सरळ. कुठे थोडी जरी लचकली तर परत आत. शेवटच्या सकाळी आम्ही दोघं उजव्या बाजूला उकिडवे बसलो होतो, आणि पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत ती तार आखलेल्या ओळीसारखी एका रेषेत गेली होती. एक चिमणी येऊन तारेवर बसली. तीही दारात दिसली.

"पाहा," मिस्त्री म्हणाले, "चिमनी बी सरळ बसली."

ते आता आदिलाबादला मुलीकडे असतात, शेड बंद आहे. तार अजून आहे.

रंग पेंटरने दिला, अठरा आणि एकोणीस तारखेला. त्याचे सहा हजार वेगळे, ते त्याला तेव्हाच दिले. वाद तिथे झाला. गाडीच्या खालून मिस्त्रींनी फक्त तांबडा रेडऑक्साइड मारला होता. जोड, वेल्डिंगची प्रत्येक रेघ उघडी. पेंटर म्हणाला, "चारशेत काळा थर देतो. उद्या तपासनी हाय, असे ठिगळ दाखवत जाता काय?" आधी आरटीओत गाडी पास करून आणलेल्या दोघांनी मला तेच सांगितलं होतं. मला पटलं. चारशे रुपयांसाठी पाच वर्षं घालवायची?

मिस्त्री हलायला तयार नव्हते. "सायबाले पाहू द्या. काळं मारलं का सायेब खरडते. खरडलं का त्याले वाटते, काहीतरी झाकून राह्यले."

"आणि नाही मारलं आणि त्याला ठिगळंच दिसली तर?"

"ठिगळं हायेतच. त्यात काय लाजाचं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती गाडीखाली वाकून जोड बघत होती. उठली, पदराला हात पुसले.

"गाडी माझी हाय," ती पेंटरला म्हणाली. "खालून तशीच राहू द्या."

वीस तारीख, गुरुवार. मी रजा टाकली होती. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बायकोच्या शेजारच्या सीटवर ते, मागे मी, माझ्या मांडीवर जॅक. तो कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

तपासणारे साहेब तरुण होते आणि त्यांना घाई नव्हती. दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. मग गुडघ्यावर बसून खाली डोकावले आणि तिथेच थांबले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. पहिल्या जोडावर टोक दाबलं. मग दुसऱ्यावर. मी मोजत होतो. चौदा जागा. बायको गाडीच्या दाराला हात लावून उभी होती.

"एवढं सगळं बदललंय," साहेब उठून म्हणाले. "खालून काळं का नाही मारलं?"

"मारलं असतं तं तुमाले खरडावं लागलं असतं, सायेब," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. "टोक आत जात नाही, ते ठीक. पण गाडीचा भार या जोडांवर येणार. वेल्डिंग वरवरचं असेल तर?"

मिस्त्री याचीच वाट बघत होते. "जॅक आना, काटेवाले."

त्यांनी साहेबांनाच विचारलं, जॅक कुठे लावू. साहेबांनी बोट दाखवलं ते नेमकं नव्या कमरेच्या मध्यावर, उजवीकडे, दोन पत्रिकांच्या जोडापासून हातभर. मिस्त्रींनी जॅक लावला आणि मला फिरवायला सांगितलं. कमर कच्ची असेल तर अशा वेळी ती वाकते, आणि वरचं दार चौकटीत अडकतं. मग ते उघडत नाही, उघडलं तर लागत नाही. हे मला पंधरा दिवसांपूर्वी ठाऊक नव्हतं. आता होतं, म्हणून दांडी मी हळूहळू फिरवली. गाडी उचलली गेली. पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. मग मागचंही.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "दार उघडा."

बायकोने कडी ओढली. दार उघडलं. पूर्ण, काही न घासता.

"लावा."

तिने दोन बोटांनी ढकललं. खट्. एकच आवाज. साहेबांनी स्वतः उघडून पाहिलं, लावून पाहिलं. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते तपासण्यासाठी उघडलं असं मला वाटत नाही. त्यांना तो आवाज आवडला होता.

"हे कोणी केलंय?"

"मी, आन माह्या हेल्परनं," मिस्त्रींनी माझ्याकडे हात केला. साहेबांनी माझा चष्मा, माझा खिशातला पेन आणि माझ्या हातातली जॅकची दांडी पाहिली.

"माझ्या वडिलांची एक जुनी जीप आहे," ते कागदावर सही करता करता म्हणाले. "घ्याल का?"

"घेऊ. सकाळी सात ते दहा तुमी मोकळे हा का?" मिस्त्रींनी विचारलं.

पास. पुढची पाच वर्षं.

परत शेडपाशी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बायको खाली उतरलीच नाही, इंजिनही बंद केलं नाही. दोन वाजता तिला एसटी न जाणाऱ्या नऊ गावांपैकी एका गावात मुलांची वजनं घ्यायची होती. तिने पर्समधून पाचशेच्या छत्तीस नोटा खिडकीतून मिस्त्रींच्या हातात दिल्या. त्यांनी न मोजता घेतल्या.

"मिस्त्रीभाऊ, जीव वाचवला माहा," ती म्हणाली.

"गाडीचा वाचवला. तुमचा शाबूत होता, बाई. जा, उशीर होईन."

ती निघाली. राळेगावच्या दिशेने, तिसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत, ज्याची काही गरज नव्हती. मला घरी कसं जायचं हे तिने विचारलं नाही आणि मीही सुचवलं नाही. वळणापर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

मग मिस्त्रींनी नोटांमध्ये अंगठा घातला. मला वाटलं आता मोजतायत. त्यांनी चार नोटा वेगळ्या काढल्या, शर्टाच्या खिशातून शंभराची एक सुटी काढली आणि माझ्यापुढे धरल्या.

"हे काय?"

"हेल्परची मजुरी. पाच तारखेपासून सतरापर्यंत, दोन आयतवार सोडून अकरा सकाळी. दोनशे रोज. एक दिवस तुमी साडेआठले आलते, तो आर्धा. बरोबर हाय का पाहा."

मी मनात हिशेब केला. बरोबर होता.

"मी मालक आहे गाडीचा," मी म्हणालो.

"कोन म्हनते? कागद पाह्यला मी सकाळी. मालक बाई हाय."

नोटा मी घेतल्या. दिलेली रक्कम: अठरा हजार, मिस्त्रींना. त्यातून मिस्त्रींनी दिलेली: एकवीसशे, हेल्परला.